लक्ष्मी रोडची दिवाळी खरेदी: माल उत्तम, बसायची सोय नाही

आईचं वय ७८, आणि तिचा उजवा गुडघा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. दिवाळीची खरेदी लक्ष्मी रोडलाच, हा तिचा हट्ट. तिला घेऊन दिवाळीत लक्ष्मी रोडला पाऊल टाकायचं नाही, हा माझा. पाच वर्षं माझा हट्ट चालला. मग मेट्रो मंडईपर्यंत आली आणि मी हरले.

आम्ही राहतो पिंपळे गुरवला. इथून गाडीने लक्ष्मी रोड गाठायचा म्हणजे अर्धा दिवस गेला म्हणून समजा. शेवटचं तसं गेलो तेव्हा मंडईजवळच्या मिनर्वा आणि आर्यन या दोन्ही वाहनतळांपुढे रांग होती. (दोन्ही एकेकाळची थिएटरं. आर्यन तर पुण्यातलं पहिलं. आता तिथे गाड्यांचे खेळ लागतात आणि तेही हाउसफुल्ल.) नवऱ्याने आम्हा दोघींना उतरवलं आणि तो पेठांमधून गोल गोल फिरत राहिला. दीड तासाने त्याचा फोन आला, "मी अजून शनिपाराशीच आहे. तुमचं झालं का?" झालं नव्हतं. पण घरी गेलो.

त्यानंतरच्या दिवाळ्या मॉलमध्ये झाल्या. २०२३ मध्ये वाकडला भलामोठा मॉल उघडला, आमच्या घरापासून फार लांबही नाही. तिथे गाडी लागते, गारवा असतो, बाकं असतात, स्वच्छतागृह असतं. आई एका बाकावर नीट टेकली, पाय लांब केले, आणि समोरून जाणाऱ्या गणवेशातल्या मुलाला म्हणाली, "अरे बाळा, इथे परकर कुठे मिळतो?" तो बिचारा मोठ्या अदबीने तिला स्कर्टच्या विभागात घेऊन गेला.

तर २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि त्या दिवाळीत आम्ही दोघी कासारवाडीला मेट्रोत बसलो. गेल्या दिवाळीतही गेलो. मध्ये एकदा डिसेंबरातही जाऊन आलो, त्याचं पुढे सांगते. म्हणजे हे मत एका फेरीवरचं नाही.

मेट्रोबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर लिहिणारे बरेच आहेत. तिकीट तीस रुपयांच्या आत, शनिवार-रविवारी त्यात ३० टक्के सवलत. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. शिवाजीनगरच्या अलीकडे गाडी जमिनीखाली शिरते आणि जिल्हा न्यायालय सोडलं की मुठेच्या पात्राखालून जाते. आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "नदी आली की सांग." मी म्हटलं, "आई, आत्ता नदी वरून जातेय." मला वाटलं हसेल. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्याच्या पहिल्या मजल्याला पाणी लागलं होतं. नदी वरून जाते, हे वाक्य तिच्यासाठी विनोदाचं नव्हतं. कसबा पेठ येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

कसबा पेठेत उतरलो ते मावळ्यांसाठी. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याच्या किल्ल्यावर गेल्या वर्षीचे तीन मावळे आणि एक प्लास्टिकचा डायनासोर एवढंच सैन्य उरलं होतं. कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी मातीची चित्रं मांडलेली असतात. भालाईत, तोफेवाले, गवळणी, धान्याची पोती, विहीर आणि विहिरीवर वाकलेली बाई. मी एक मावळा उचलला तर अंगठ्याला भगवा रंग लागला. बाई म्हणाल्या, "ताई, पाठीला धरू नका, पायाला धरा. रात्रीच रंगवलाय." मग त्यांनी प्रत्येकाला वर्तमानपत्राचं धोतर नेसवावं तसं गुंडाळलं, भाल्याचं टोक तेवढं बाहेर ठेवलं, आणि सगळ्यांना पणत्यांच्या मधल्या पोकळीत बसवलं. पाव डझन पणत्या जास्त घ्याव्या लागल्या, पण एकही भाला मोडला नाही. असं बांधून ऑनलाइनवाल्यांनी पाठवलं असतं तर माझ्या घरातले दोन आकाशकंदील वाचले असते.

तिथून मंडई एकच स्टेशन. चालत गेलं तर गल्लीबोळातून सहज जाता येतं, पण गुडघ्याला विचारलं, तो नाही म्हणाला. परत खाली गेलो आणि एका स्टेशनासाठी मेट्रो पकडली. आईला याची फार मजा वाटली. "टांगा करून रविवारातून मंडईत आल्यासारखं वाटलं," म्हणाली.

मंडईत वर आलं की समोर ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत. १८८६ साली उघडली तेव्हा तिला तेव्हाच्या गव्हर्नरचं, लॉर्ड रे यांचं नाव होतं. जोतिराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाला द्या म्हणून. आणि पुढे नाव मिळालं ते त्यांचंच, महात्मा फुले मंडई. पुण्याला हे जमतं. एक सूचना: केरसुणी, लाह्या-बत्तासे, बोळकी आणि झेंडू हे सगळं इथे मिळतं, पण शेवटी घ्या. मी पहिल्या वर्षी आधी घेतलं आणि मग चार तास साड्यांच्या दुकानांतून केरसुणी घेऊन फिरले. लक्ष्मीच ती, काखेत मारूनही नेता येत नाही.

आता तुळशीबाग. इथे शिरताना आईचा गुडघा दुखायचा थांबतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पेशवाईत नारो आप्पाजी खिऱ्यांनी इथे राममंदिर बांधायला घेतलं, त्याआधी खरोखर तुळशीची बाग होती. आता शिखर बघायला मान वर केली तर मागचा माणूस अंगावर येतो. पितळी भातुकली, क्लिपा, मोत्यांच्या नथी, पोळपाट, समया, रांगोळीची चाळणी, सगळं एका हाताच्या अंतरावर. मला स्वतःला तुळशीबाग फारशी आवडत नाही, हेही सांगून टाकते. दर दहा पावलांवर कोणीतरी "ताई, बघून तरी जा" म्हणतं आणि बघून जायला जागा नसते. पण मॅचिंगच्या दुकानासाठी मी तिला सगळं माफ करते.

आम्हाला हवा होता परकर आणि ब्लाउजचं अस्तर. साडी आईची जुनी नारायणपेठी, रंग चिंतामणी. आदल्या वर्षी मी शहाणपणा करून फोनवरून 'रॉयल ब्लू' परकर मागवला होता. आला तो शाळेच्या गणवेशाचा निळा. परत पाठवला, दुसरा आला, तो त्याहून गणवेश.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. समोरून माणूस आलं तर एकाने श्वास आत घ्यायचा. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत अस्तराचे ठोकळे रचलेले, डाळिंबी, आमसुली, शेवाळी, गुलबक्षी, अबोली, आणि एकट्या हिरव्याच्या दोन ओळी. काका साठीचे असतील, चश्मा कपाळावर. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही, साडीचा पदर दोन बोटांत धरून चोळला. मग मान न वळवता हात मागे नेला आणि दोन परकर ओढले. मी त्यातला एक साडीशेजारी धरून म्हटलं, "हा बरोबर आहे."

"असा शेजारी धरून नाही बघायचा. परकर साडीच्या आतून बघायचा."

त्यांनी परकर खाली धरला, वरून साडीचा एकच पदर टाकला आणि दोन्ही घेऊन दाराशी उजेडात गेले. मला जो बरोबर वाटला होता त्याने साडी मळकट दिसत होती. दुसऱ्याने उठून दिसली. फरक इतका उघड होता की मी काही बोलले नाही. काकाच म्हणाले, "ट्यूबखाली सगळे रंग खोटं बोलतात." साटिनचा नको, सुतीच घ्या, साटिन सरकतं आणि आजींच्या पायात येईल, हे त्यांनी आईच्या चालण्यावरून ओळखलं होतं. पहिल्या धुण्यात बोटभर आटेल म्हणून उंचीला बोटभर जास्तीचा काढून दिला.

किंमत दोनशेवीस. आई म्हणाली, "दोनशे."

"आजी, पेठेतल्या का?"

"नारायण पेठ. लहानपणापासून."

"मग दोनशे दहा."

हे सगळं सात मिनिटांत झालं. पण मला इथे परकराचं सांगायचंच नाहीये. आई दाराशी टेकून उभी होती ते त्यांनी पाहिलं, काउंटरखालून स्टूल ओढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. दुकानात स्टूल एकच होतं आणि ते त्यांचं होतं. पुढचा सगळा वेळ ते उभे होते.

तिथून लक्ष्मी रोडवर आलो, आणि इथे माझे तारे गळायला सुरुवात होते.

रस्ता तुम्हाला माहीत आहे. विसर्जनाची मिरवणूक जिथून जाते तोच, बेलबागेपासून अलका टॉकीजपर्यंत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मिरवणुकीत आणि यात फरक एवढाच की मिरवणुकीत माणसं एका दिशेने जातात. पदपथ आहे, पण त्यावर अर्ध्या भागात दुकानांचे पुतळे उभे असतात आणि उरलेल्या अर्ध्यात दुचाक्या. म्हणून माणसं रस्त्यावर. रस्त्यावर बस, रिक्षा, आणि हॉर्न वाजवून माणसं विरघळतील अशी आशा ठेवणारे मोटारवाले. आई दोन्ही वर्षी कुंटे चौकापर्यंत पोचली आणि म्हणाली, "जरा टेकू या."

कुठे टेकणार?

आईच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. साडीच्या दुकानात बैठक असायची. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर बसायचं, पाठीला लोड. माल समोर पसरायचा, नको ते बाजूला पडायचं आणि त्या ढिगावर लहान पोर झोपून जायचं. आई सांगते, तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याला सगळं घर सकाळी जाऊन बसलं ते दिवे लागल्यावर उठलं. आत शिरल्यावर पहिला शब्द असायचा "या, बसा". आता काचेची काउंटरं आली, गिऱ्हाईकही उभं आणि विकणाराही उभा, आणि पहिला शब्द "मॅडम, बजेट?". दोन्ही ब-चेच आहेत, त्यामुळे गफलत होत असेल.

एका मोठ्या दुकानाचं सांगते, नाव घेत नाही. तीन मजले, वातानुकूलित, दाराला झेंडूची तोरणं. आम्हाला चार साड्या घ्यायच्या होत्या: दोन माझ्या नणंदांना, एक जावेला, एक आईला. तिन्ही मजल्यांवर मिळून एक खुर्ची दिसली आणि तिच्यावर खोकी रचलेली होती. आई शेवटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. एक मुलगा धावत आला, चांगला मुलगा होता, कानात पुटपुटला, "आजी, जिन्यात नका ना बसू, कॅमेऱ्यात दिसतं, साहेब मला बोलतात." आई उठली. आम्ही निघालो. चार साड्यांचे सहज बारा-चौदा हजार झाले असते. प्लास्टिकची खुर्ची केवढ्याला येते?

त्या साड्या आम्ही घेतल्या त्या दुसरीकडे, एका बोळाच्या तोंडाशी असलेल्या जुन्या दुकानात, जिथे मागच्या बाजूला अजून हातभर गादी शिल्लक आहे. तीही बहुधा हिशेबाच्या वह्या ठेवायला. मालक माझ्याच वयाचे, तिसरी पिढी. आईने गादीवर बसून पाय पुढे केले आणि मग दोघांचं असं काही जमलं की मी बाहेर जाऊन तीन कंदील बघून परत आले तरी गप्पा चालूच.

त्यांचं म्हणणं मला नेमकं वाटलं. लोक मॉलला शिव्या देतात, ऑनलाइनला देतात. ते म्हणाले, "पूर्वी आमचं गिऱ्हाईक वरच राहायचं," आणि बोट छताकडे केलं. वाड्यात बारा-पंधरा बिऱ्हाडं, बाळंतविडा असो की मुंजीचा सदरा, जिना उतरलं की दुकान. पानशेतनंतर नदीकाठची बरीच घरं गोखलेनगर, सहकारनगरकडे गेली. मग वाडे पडून इमारती झाल्या, मुलं कोथरूडला, सिंहगड रोडला, बाणेरला, आणि काही पार अमेरिकेला. छताच्या वर आता क्लास आहे आणि एका गोदामात चपलांची खोकी. "आता गिऱ्हाईक येतं ते ठरवून येतं. आणि ठरवून येणारं वर्षातून एकदाच येतं."

आई म्हणाली, "मी पाच वर्षांनी आले."

"बघा."

या 'ठरवून येणाऱ्या' माणसासाठी काय करतात तर रोषणाई आणि कुपनं. रोषणाई छान असते, मला आवडते, फोटोही काढते. कुपनांचं काय सांगू. पाच हजारांच्या खरेदीवर सोडतीचं एक कुपन मिळालं, पहिलं बक्षीस मोटार. अहो, मोटार ठेवायला जागा नव्हती म्हणून तर मी पाच वर्षं आले नाही.

खाण्याची बाजू भक्कम आहे. तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ १९४१ पासून आहे, पण दिवाळीत बाहेर रांग असते आणि रांगेत उभं राहायला गुडघा लागतो. लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस आईला मनापासून प्रिय. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली सुरू केलेलं. तिथे साबुदाणा वडा आणि कॉफी घेत ती आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांच्या पिशव्या न्याहाळते आणि कोणी काय घेतलं, कितीला फसलं, हे मला हळू आवाजात सांगते. तिच्या मते बहुतेक सगळे फसलेले असतात.

आणि स्वच्छतागृह. हा विषय बायका एकमेकींत बोलतात, लिहीत नाहीत, म्हणून लिहिते. चार तासांच्या खरेदीत ७८ वर्षांच्या बाईला दोनदा तरी जावं लागतं. या रस्त्यावर, जिथे गिऱ्हाइकांत बायकाच जास्त आहेत, तिथे बाईने जायचं कुठे, हे कुठेही लिहिलेलं नाही. उपाहारगृहात काहीतरी मागवा आणि मग विचारा, ही एक पद्धत. दुसरी पद्धत माझ्या जावेने शिकवली: मंडईच्या मेट्रो स्टेशनात उतरा. आम्ही तेच केलं. म्हणजे मेट्रोने आम्हाला आणलं, सोडलं, आणि मध्येच एकदा त्यासाठीही बोलावलं. आई घरातून निघताना चहा घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती कित्येक वर्षं पेठेत जायच्या दिवशी चहा घेत नाही.

आता डिसेंबर. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, आणि त्या दिवशी लक्ष्मी रोडचा गरुड गणपती चौकापर्यंतचा तुकडा गाड्यांना बंद असतो. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी आईला म्हटलं, चल, घ्यायचं काही नाही, नुसतं चालून येऊ. ती म्हणाली, "घ्यायचं नाही तर लक्ष्मी रोडला जायचं कशाला?" पण आली.

मला सांगता येणार नाही तो रस्ता कसा दिसत होता. रुंद दिसत होता! इतका रुंद आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. मधोमध रांगोळी, कुंड्या, कुठे मुलांचे खेळ. हॉर्न नाही, त्यामुळे दुकानदार आतून हाक मारतात ती शब्दाशब्दाने ऐकू येते. आईने दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजले बघितले, लाकडी कठडे, एका ठिकाणी अजून दगडी कमान, आणि कुठे कोण राहायचं ते सांगत चालली. ती न थांबता जितकं चालली तितकं मी तिला दोन वर्षांत चालताना पाहिलं नव्हतं.

आणि मग रस्त्याच्या मधोमध बाक होता. खराखुरा, पाठीचा. आई बसली. लक्ष्मी रोडच्या बरोब्बर मध्यावर, जिथे एरवी बस असते. पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली.

ते गादीवाले मालक हात मागे बांधून बाहेर आले होते. आईने त्यांना ओळखलं, त्यांनी आईला ओळखलं की नाही माहीत नाही, पण "बसा, बसा" म्हणाले. धंद्याचं विचारलं तर हसले. कामाचा वार, दिवाळी होऊन गेलेली, लोक चालायला येतात, फोटो काढतात, घेत कोणी नाही. त्यांच्या ओळीतले निम्मे दुकानदार या दिवसावर चिडतात, एक दिवस धंदा बुडतो म्हणून.

"मग हे दिवाळीत का नाही करत?" आई म्हणाली.

"दिवाळीत कसं करणार आजी? दिवाळीत गर्दी असते."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ती अशी बघते तेव्हा समोरच्याला आपलं वाक्य पुन्हा ऐकू येतं. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "हो, पण गाड्या कुठे लावणार सगळे?" मग तिने पदराला हात पुसले आणि पिशवीतलं मेट्रोचं तिकीट काढून त्यांना दाखवलं, परीक्षेचा निकाल दाखवावा तसं.

त्यांचा मुद्दा अगदी वेडा नाही, हेही मान्य करायला हवं. सगळं गिऱ्हाईक मेट्रोच्या रस्त्यावर राहत नाही. हडपसरहून येणाऱ्याने काय करायचं? माल उतरवायला टेंपो कधी येणार? रात्री दहानंतर आणि सकाळी दहाच्या आत, असं काहीतरी बसवावं लागेल, आणि ते बसवणाऱ्याला आधी दुकानदारांच्या शिव्या खाव्या लागतील. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की त्या दिवशी, काही घ्यायचं नसताना, आईने त्यांच्याकडून एक टॉवेल, दोन रुमालांचे संच आणि माझ्या नवऱ्याला पायजम्याचं कापड घेतलं, कारण ती दुकानासमोर पाऊण तास बसलेली होती आणि दुकान दिसत होतं.

तारे द्यायचेच तर: मॅचिंगच्या दुकानाला पाच. कुंभारवाड्यातल्या बांधणीला पाच. मेट्रोला चार, एक कापला तो स्टेशनाबाहेर आल्यावर लक्ष्मी रोडपर्यंतच्या त्या पदपथासाठी, ज्यावरून चालायला उंच उडी यावी लागते. जिन्यातून उठवणाऱ्या दुकानाला काही नाही. लक्ष्मी रोडला दिवाळीत तीन, ११ डिसेंबरला साडेचार. दिवाळीत जाणार असाल तर शेवटचा रविवार टाळा, आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी अकराच्या आत पोचा, पाण्याची बाटली न्या, आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर घडीची खुर्ची न्या. मी चेष्टा करत नाहीये. या दिवाळीला मी नेणार आहे, नवऱ्याची मासेमारीची आहे ती.

त्या संध्याकाळी आम्ही निघायच्या बेतात होतो तेव्हा एक टेंपो आला. दोन मुलं उतरली, कुंड्या उचलायला लागली, मग एकेक बाक. आमच्यापाशी येऊन एक जण थांबला, हात कमरेवर, अवघडलेला.

"आजी, उठता का? हा न्यायचाय."

"कुठे नेता?"

"गोडाऊनला."

आई हळूहळू उठली, पुडीचा कागद चुरगाळून पिशवीत टाकला, आणि बाकाच्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाली, "दिवाळीत आणा हो."

तो म्हणाला, "मी नुसता ड्रायव्हर आहे, आजी."